जिभेची साक्ष

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमधील इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक वाइनचे परीक्षण करण्यासाठी एकत्र आले होते. वाइन म्हणजे द्राक्षरस आंबवून केलेले मद्य; आणि ते करण्याची कला ही फ्रान्सची जणू वंशपरंपरागत मिरास आहे, असे त्या काळी सर्व जगात मानले जात असे. परीक्षकांपुढे येणाऱ्या वाइनपैकी काही फ्रान्समधील होत्या, तर काही कॅलिफोर्नियातील. कोणत्या पेल्यात कोणती वाइन आहे, हे मात्र त्यांना सांगितलेले नव्हते. प्रत्येकाने प्रत्येक वाइनला वीसपैकी गुण द्यावयाचे होते. परीक्षण घडवून आणणारे गृहस्थ म्हणजे पॅरिसमध्ये वाइनचे दुकान चालविणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर आणि त्यांच्या अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलॅगर.

निकाल अनपेक्षित लागला. पांढऱ्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियातील शातो मॉन्टेलीनाची १९७३ सालची वाइन पहिली आली. तांबड्या वाइनमध्येही कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स या संस्थेची १९७३ सालची वाइन पहिली आणि बोर्दोची सुप्रसिद्ध शातो मूतों-रोथशील्ड दुसरी ठरली. एका परीक्षक बाईंनी आपले गुणपत्रक परत मागितले. ‘टाइम’ साप्ताहिकाचा बातमीदार जॉर्ज टेबर हा एकच पत्रकार तेथे उपस्थित होता. त्याच्या वृत्तांताने ही बातमी जगभर गेली आणि कॅलिफोर्नियातील मळेवाल्यांचे दैव पालटले. त्या दोन विजयी वाइनच्या बाटल्या आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत राष्ट्रीय इतिहासाचा ठेवा म्हणून जतन केलेल्या आहेत.

आता थोडे आकड्यांकडे पाहावे. जाहीर निकालात फक्त नऊ फ्रेंच परीक्षकांचे गुण धरलेले होते. स्परियर व गॅलॅगर यांनीही गुण दिले होते. ते मिळविले तर अकरा जणांच्या गुणांची सरासरी स्टॅग्ज लीपसाठी १४.१४ आणि मूतोंसाठी १४.०९ येते. म्हणजे एकूण बेरीज १५५.५ विरुद्ध १५५. अकरा माणसांच्या जिभांनी मिळून दोन वाइनमध्ये जो भेद केला तो अर्ध्या गुणाचा. त्यांपैकी कोणाही एकाने स्टॅग्ज लीपला एक गुण कमी दिला असता तर विजेता बदलला असता. एवढ्या सूक्ष्म अंतरावर एका देशाची प्रतिष्ठा खाली यावी आणि दुसऱ्याची वर जावी, हे न्यायाचे झाले काय? की दुसऱ्या दिवशी त्याच माणसांना त्याच वाइन पुन्हा दिल्या असत्या तर क्रम निराळा लागला असता?

हा प्रश्न रसिकतेचा नाही, सांख्यिकीचा आहे. जीभ आणि नाक हे साक्षीदार होत. साक्षीदार प्रामाणिक असला म्हणजे त्याची साक्ष खरी असते असे नाही. ती पारखून घ्यावी लागते. ही पारख कशी करावी याचे शास्त्र गेल्या शंभर वर्षांत घडले, आणि त्याचा प्रारंभ वाइनपासून नव्हे, तर चहापासून झाला.

चहाचे आठ पेले

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे एक जुने शेतकी संशोधन केंद्र आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तेथे रुजू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. दुपारच्या चहाच्या वेळी फिशरने म्युरिएल ब्रिस्टॉल या शैवालशास्त्रज्ञ बाईंपुढे चहाचा पेला धरला. त्यांनी तो नाकारला. पेल्यात आधी दूध घालून मग चहा ओतलेला आपल्याला आवडतो, आणि आधी चहा ओतला असल्यास तो चवीवरून ओळखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. जमलेल्या मंडळींना ते हास्यास्पद वाटले. परंतु कोणीतरी म्हणाले, मग पाहूच या.

फिशरने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात ही कसोटी, बाईंचे नाव न घेता, सविस्तर मांडली आहे. आठ पेले तयार करावयाचे; चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. ते चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने पुढे ठेवावयाचे आणि आधी दूध घातलेले चार पेले निवडण्यास सांगावयाचे. आठांतून चार निवडण्याचे एकंदर ७० प्रकार आहेत. त्यांतला एकच पूर्णतः बरोबर. म्हणून चवीचे काहीएक ज्ञान नसलेल्या माणसाने केवळ अंदाजाने सर्व चार पेले ओळखावेत, याची संभाव्यता सत्तरात एक. असे घडले तर निव्वळ दैवयोग म्हणून ते सोडून देणे कठीण. पण चारांपैकी तीन बरोबर निघाले तर? तसे घडण्याचे सोळा प्रकार आहेत. पूर्ण यशाचा एक मिळविला की सतरा. सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. तेव्हा ‘चारांतले तीन तर ओळखले!’ या कौतुकाला शास्त्राच्या दरबारी काही किंमत उरत नाही. त्या दिवशी बाईंनी सर्व पेले अचूक ओळखले, असे सांगितले जाते.

या लहानशा प्रसंगातील विचार मोठा आहे. माणसाला चव कळते की नाही, हे सरळ सिद्ध करण्याच्या भानगडीत फिशर पडला नाही. ‘काहीच कळत नाही’ असे तात्पुरते गृहीत धरावयाचे, त्या गृहीतानुसार काय काय घडू शकते त्याची मोजदाद करावयाची, आणि घडलेली गोष्ट त्यात अतिशय दुर्मिळ ठरली तर गृहीत टाकून द्यावयाचे, असा हा उलटा मार्ग आहे. यालाच निरास परिकल्पना म्हणतात. दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. पेल्यांचा क्रम माणसाने मनाने ठरविला तर त्यात काही ना काही चाल राहते आणि चतुर माणूस चवीऐवजी ती चालच ओळखतो. चिठ्ठ्यांना चाल नसते.

तीन पेल्यांची चाचणी

मद्यव्यवसायाला हा विचार फार सोयीचा ठरला. कारखान्यापुढील रोजचा प्रश्न ‘सर्वोत्तम वाइन कोणती’ हा नसतोच. या वर्षी बुचांचा पुरवठा करणारा बदलला, किंवा ओकच्या जुन्या पिंपांऐवजी नवी वापरली, तर पिणाऱ्याला फरक कळेल काय, एवढेच जाणावयाचे असते. त्यासाठी तीन पेल्यांची, म्हणजे त्रिकोणी चाचणी रूढ झाली. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच वाइन, तिसऱ्यात निराळी. निराळा पेला कोणता, एवढेच सांगावयाचे. मांडणीचे सहा प्रकार होतात आणि ते सर्व सारख्या वेळा वापरले जातात.

येथे अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची संभाव्यता एक तृतीयांश. बारा माणसे बसविली तर निव्वळ अंदाजानेच सरासरी चारजण बरोबर निघतील. सातजण बरोबर आले तर? तितके किंवा त्याहून अधिक यश केवळ योगायोगाने मिळण्याची संभाव्यता शंभरात सुमारे साडेसहा. आठजण आले तर ती शंभरात दोनहूनही खाली उतरते. शंभरात पाचाची मर्यादा ही रूढी मानली, तर सातांवर निर्णय देता येत नाही आणि आठांवर देता येतो. एका माणसाच्या उत्तरावर निकाल फिरतो हे खरे. पण रेघ कोठेतरी ओढावीच लागते, आणि ती चाचणीच्या आधी ओढलेली असली म्हणजे कोणाला तक्रारीस जागा राहत नाही.

मात्र येथे एक फसगत संभवते, आणि अनुभवी माणसेही तीत सापडतात. चाचणीत फरक दिसला नाही, म्हणजे फरक नाही, असे म्हणता येत नाही. समजा, बारांपैकी प्रत्येकाला निम्म्या वेळा फरक खरोखर जाणवतो आणि उरलेल्या वेळी तो अंदाज करतो. मग त्याचे उत्तर तीनांत दोनदा बरोबर येईल. तरीसुद्धा आठ किंवा अधिक बरोबर उत्तरे येण्याची संभाव्यता शंभरात ६३च भरते. म्हणजे खराखुरा, चांगला ढळढळीत फरक असूनही शंभरांतल्या ३७ चाचण्या तो शोधण्यात अपयशी ठरतील. व्यापाऱ्याला ‘ग्राहकाला फरक कळत नाही’ असा दाखला हवा असेल, तर त्याने थोडी माणसे बोलवावीत, त्याला तो सहज मिळेल! प्रामाणिक संशोधकाला माणसे वाढविण्यावाचून गत्यंतर नाही.

चाखणाऱ्यांची निवडही अशाच चाचण्यांनी होते. तेथेही दैव आपला हात दाखविते. ओळीने चार त्रिकोणी चाचण्या केवळ अंदाजाने जिंकण्याची संभाव्यता ८१त एक. म्हणून ८१ अगदी सामान्य माणसांची परीक्षा घेतली तर त्यांतला एखादा चारही वेळा बरोबर निघून जन्मजात पारखी म्हणून मिरवू लागण्याचा संभव बराच असतो. यावर उपाय म्हणून अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची क्रमिक विश्लेषणाची रीत वापरतात. तीत प्रत्येक चाचणीनंतर हिशेब मांडून उमेदवाराला घ्यावे, वगळावे, की आणखी एक पेला द्यावा, हे ठरवीत जातात. (भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्याने देण्यासाठी आलेल्या वाल्डचा डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून अंत झाला.)

डोळा, नाक आणि शेजारी

आकडे कितीही काळजीपूर्वक तपासले तरी मूळ साक्षच दूषित असेल तर उपयोग काय? सांख्यिकीच्या जाणकाराचे निम्मे काम म्हणूनच पहिला घोट घेतला जाण्यापूर्वीच झालेले असते.

सर्वांत मोठा फितूर साक्षीदार म्हणजे डोळा. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्रान्समधील संशोधकांनी बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी आणि एक तांबडी वाइन ठेवून गंधाचे वर्णन करण्यास सांगितले. पुढच्या वेळी ठेवलेल्या दोन्ही पेल्यांत तीच पांढरी वाइन होती. एकीत गंधहीन तांबडा रंग मिसळला होता, इतकेच. विद्यार्थ्यांनी या रंगविलेल्या पांढऱ्या वाइनच्या गंधाला तांबड्या वाइनला शोभणारी विशेषणे बहाल केली. या प्रयोगावरून ‘तज्ज्ञांना पांढरी आणि तांबडी वाइन ओळखता येत नाही’ अशी आवई पुढे उठली, ती मात्र अतिशयोक्तीची आहे. विद्यार्थी वाइन ओळखण्यास बसले नव्हते. ते गंधासाठी शब्द शोधीत होते, आणि ते शब्द नाकाऐवजी डोळ्याने पुरविले. रंगाचा मोह टाळावयाचा असेल तेथे काळ्या काचेचे पेले किंवा रंग लपविणारा तांबडा प्रकाश वापरतात, तो याचसाठी.

क्रमाचेही तसेच. तुरट तांबड्या वाइनचा एकेक घोट घेत गेले की तोंडातील तुरटपणा साचत जातो. दहावा पेला पहिल्याच्या न्यायाने तोलला जात नाही. सौम्य वाइननंतर आलेली मध्यम वाइन तीव्र वाटते आणि तीव्र वाइननंतर आलेली तीच सौम्य. नाक तर थोड्याच वेळात सरावते आणि गंध नोंदवीनासे होते. हे दोष पूर्णपणे काढता येत नाहीत, म्हणून ते सर्व वाइनमध्ये सारखे वाटून देतात. फिशरने शेतातील वाफ्यांसाठी वापरलेली लॅटिन चौरसाची मांडणी येथे उपयोगी पडते. चार वाइन आणि चार परीक्षक असतील तर प्रत्येक वाइन एका परीक्षकाकडे पहिली, दुसऱ्याकडे दुसरी, अशी सर्व जागांवर एकेकदा येते. रोथमस्टेडच्या शेतात जमिनीचा कस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलतो, तसा येथे जिभेचा कस पहिल्या पेल्यापासून शेवटच्यापर्यंत बदलतो. पेल्यांवर क, ख, ग अशी अक्षरेही घालीत नाहीत, कारण ‘क’ला पहिलेपणाचा मान नकळत मिळतो, त्याऐवजी वाटेल ते तीन आकडी अंक लिहितात. परीक्षक वेगवेगळ्या आडोशांत बसतात आणि घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात.

या कसोटीवर पॅरिसचे परीक्षण कितपत उतरते? वाइनची नावे झाकली होती, ही जमेची बाजू. परंतु परीक्षक एकत्र बसून मोकळेपणी शेरे मारीत होते. नापा खोऱ्यातील एका पांढऱ्या वाइनचा घोट घेऊन एकाने आपण पुन्हा फ्रान्समध्ये आल्याचे समाधान सर्वांसमक्ष व्यक्त केल्याचे टेबरने नमूद केले आहे. याहून गंभीर गोष्ट अशी की, पांढऱ्या वाइनचा निकाल तांबड्या वाइनचे परीक्षण सुरू होण्यापूर्वीच जाहीर करण्यात आला. आता आपल्याला कॅलिफोर्नियाला वर येऊ द्यावयाचे नाही, एवढी जाणीव मनात शिरली की गुण देणारी जीभ राहत नाही, अभिमान राहतो.

गुण आणि क्रम

वाइनला गुण देण्याच्या पद्धती अनेक आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत वीस गुणांची एक पद्धती सिद्ध झाली. तीत स्वच्छतेला दोन, रंगाला दोन, गंधाला चार, शिर्क्याची आंबूस झाक नसल्याबद्दल दोन, अशी वाटणी असते. तिचा मूळ हेतू दोष पकडणे हा होता. उत्तम आणि अत्युत्तम यांच्यातील अंतर मोजण्यासाठी ती केलेली नव्हती. तेथील मद्यशास्त्रज्ञ मेनार्ड अमेरिन आणि गणितज्ञ एडवर्ड रोसलर यांनी वाइनच्या संवेदनिक मूल्यमापनावर लिहिलेला ग्रंथ १९७६ सालचाच, म्हणजे पॅरिसच्या परीक्षणाच्याच वर्षीचा, हा एक योगायोग. ज्यात सांख्यिकी नाही ते परीक्षण म्हणजे केवळ मतप्रदर्शन, हा त्या ग्रंथाचा रोख होता.

गुणांची नुसती सरासरी काढण्यात काय बिघडते, ते एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. दोन वाइन, तीन परीक्षक. पहिला परीक्षक पहिल्या वाइनला १५ आणि दुसरीला १४ गुण देतो. दुसरा परीक्षकही तसेच. तिसरा तापट स्वभावाचा आहे. तो पहिलीला ६ आणि दुसरीला १७ देतो. बेरीज केली तर पहिलीला ३६ आणि दुसरीला ४५. तिघांपैकी दोघांच्या मते सरस असलेली वाइन सपशेल हरली! जो परीक्षक गुणांचा पल्ला लांबवितो त्याच्या हाती, कोणी दिलेला नसताना, अधिक मतांचा अधिकार येतो. शाळा-महाविद्यालयांत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना ही व्याधी अपरिचित नसावी.

यावर एक साधा उतारा म्हणजे गुण टाकून देऊन प्रत्येक परीक्षकाचा केवळ पसंतीक्रम घेणे. मग प्रत्येकाचे वजन सारखे होते. क्रमांकांवरून वाइनमध्ये खरोखर फरक आहे काय, हे तपासण्याची रीत मिल्टन फ्रीडमनने १९३७ साली दिली. हाच फ्रीडमन पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाला. १९३९ साली मॉरिस केंडल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी परीक्षकांचे आपसांत कितपत जुळते हे एकाच अंकात सांगणारा सुसंगतीचा गुणांक मांडला. सर्वांचा क्रम तंतोतंत एक असेल तर तो १ येतो, मुळीच मेळ नसेल तर शून्य. क्रमांक घेण्यात तोटाही आहेच. पहिली आणि दुसरी यांच्यात केसाचे अंतर आहे की कोसाचे, ही माहिती त्यात हरवते.

गुण ठेवूनच विचार करावयाचा असेल तर फिशरच्या प्रचरण-विश्लेषणाचा आधार घेतात. गुणांत जो एकंदर चढउतार दिसतो त्याचे वाटे पाडावयाचे. एक वाटा वाइन-वाइनमधील फरकाचा. दुसरा परीक्षकांच्या हातांचा. कोणी सढळ, कोणी कंजूष. तिसरा वाटा दोहोंच्या मेळाचा, म्हणजे अमक्याला तुरट वाइन आवडते आणि तमक्याला मऊ, या व्यक्तिगत रुचीचा. आणि उरलेला वाटा कोणत्याच कारणाला न बांधता येणारा, निव्वळ डळमळीतपणाचा. वाइनचा वाटा या शेवटच्या वाट्यापेक्षा पुरेसा मोठा असेल तरच निकालाला अर्थ. पण येथे एक अडचण येते, आणि साऱ्या विषयाची मेख तीत आहे. प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक वाइन एकदाच चाखली असेल तर तिसरा आणि चौथा वाटा वेगळे करताच येत नाहीत. परीक्षकाने इतरांहून निराळे गुण दिले, ते त्याची रुची निराळी म्हणून, की त्याच्या जिभेचा काही भरवसा नाही म्हणून? हे कळण्याचा मार्ग एकच: त्याच माणसाला तीच वाइन, त्याच्या नकळत, पुन्हा देणे. नेमके हेच बक्षिसांच्या स्पर्धांत कोणी करीत नसे.

एकच वाइन तीन वेळा

ते करण्याचे धाडस एका मळेवाल्यानेच केले. रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक. सांख्यिकी जाणणारे आणि स्वतः एका लहान वाइन कारखान्याचे मालक. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळते आणि दुसऱ्या स्पर्धेत तीच वाइन रिकाम्या हाताने परत येते, हे त्यांना कोड्यात टाकीत असे. कॅलिफोर्निया राज्याच्या वार्षिक मेळाव्यातील वाइनस्पर्धेच्या चालकांनी त्यांना प्रयोगाची परवानगी दिली, हे त्या चालकांना भूषणावह म्हटले पाहिजे. २००५ पासून चार वर्षे तो चालला. परीक्षकांपुढे सुमारे तीस वाइनची एक रांग येई. तिच्यात काही वाइन तीन-तीनदा, एकाच बाटलीतून ओतून, वेगवेगळ्या ठिकाणी पेरलेल्या असत. परीक्षकांना याची कल्पना नसे.

२००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. एकाच बाटलीतील तीन पेल्यांना एकाच पदकाच्या मर्यादेत बसतील असे गुण देऊ शकणारे परीक्षक दहांत एक एवढेच निघाले. दहांत एक असेही निघाले की ज्यांनी त्याच वाइनला एकदा कांस्याचे तर एकदा सुवर्णाचे गुण दिले. शिवाय, एका वर्षी जे परीक्षक सुसंगत ठरले ते पुढच्या वर्षीही तसेच ठरतील, असा भरवसा नव्हता. त्रिकोणी चाचण्या दैवाने जिंकणाऱ्या त्या ८१तील एकाची येथे आठवण होते. एका बाबतीत मात्र परीक्षक अधिक ठाम आढळले: जी वाइन त्यांना नापसंत असे तिला ते पुनःपुन्हा नापसंत करीत. वाईट ओळखणे चांगल्याची प्रतवारी लावण्यापेक्षा सोपे असते. डेव्हिसच्या पद्धतीने दोष पकडण्यापुरतीच जी आकांक्षा धरली होती तिच्यात बरेच शहाणपण होते, असे यावरून दिसते.

पुढच्याच वर्षी हॉजसन यांनी अमेरिकेतील तेरा स्पर्धांचे २००३ सालचे निकाल एकत्र मांडले. तीनांहून अधिक स्पर्धांत उतरलेल्या वाइन २,४४० होत्या. त्यांतील ४७ टक्के वाइनना कोठे ना कोठे सुवर्णपदक मिळाले होते. आणि या सुवर्णपदकवाल्यांपैकी ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळाले नव्हते. सुवर्णपदके वाइन-वाइनमध्ये ज्या रीतीने विखुरली होती, ती रीत चिठ्ठ्या टाकून पदके वाटली असती तर जशी दिसली असती तिच्याशी मिळतीजुळती होती.

लहान मळेवाल्याच्या दृष्टीने ही काही गमतीची गोष्ट नव्हे. बाटलीवर सोनेरी चकती चिकटली की दुकानदार ती पुढे मांडतो आणि ग्राहक तिच्याकडे हात करतो. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या चकतीने ठरते, आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क तर प्रत्येक वेळी भरावेच लागते. दुसऱ्या बाजूने हेही सांगावयास हवे की, यावरून परीक्षक लबाड किंवा अडाणी ठरत नाहीत. एका बैठकीत तीस वाइन चाखून प्रत्येकीला शंभरांपैकी अचूक गुण द्यावेत, ही मागणीच मनुष्याच्या इंद्रियांना न पेलणारी आहे. त्याच माणसांना आडोशात बसवून, पुरेशी उसंत देऊन, दोन वाइनमध्ये फरक आहे काय एवढेच विचारले तर त्यांची साक्ष कितीतरी अधिक विश्वसनीय ठरते. गंधाचे वर्णन करावयाचे असेल तर आधी शब्दांचे अर्थ सर्वांनी मिळून ठरवून घेतात. डेव्हिसच्या ॲन नोबल यांनी १९८४ साली मांडलेले गंधचक्र याच हेतूचे आहे. त्यात ‘उमदा’, ‘भारदस्त’ अशा विशेषणांना थारा नाही; लिंबू, मिरी, लवंग, ओले गवत अशा, कोणालाही हुंगून पाहता येणाऱ्या वस्तूंची नावे आहेत.

पॅरिसच्या गुणपत्रकांकडे प्रिन्स्टन विद्यापीठाचे दोन अर्थशास्त्रज्ञ, ऑर्ली ॲशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट, वळले ते १९९९ साली. त्यांनी अकराही परीक्षकांचे गुण क्रमांकांत बदलून हिशेब नव्याने मांडला. पहिले स्थान स्टॅग्ज लीपकडेच राहिले. तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच तांबड्या वाइन लंडन आणि नापा येथे एकाच दिवशी पुन्हा चाखण्यात आल्या. कॅलिफोर्नियाच्या वाइन काळापुढे टिकणार नाहीत, असे फ्रेंचांचे म्हणणे होते; पण पहिली पाच स्थाने कॅलिफोर्नियालाच मिळाली. स्टॅग्ज लीप मात्र दुसरी आली. पहिली आली ती रिज या मळ्याची १९७१ सालची वाइन, जी पॅरिसमध्ये पाचवी होती.

जून २०१२ मध्ये प्रिन्स्टन येथे अशीच एक बैठक भरली. या वेळी फ्रान्सच्या नामांकित वाइनसमोर न्यू जर्सी राज्यातील, किमतीने त्यांच्या पासंगालाही न पुरणाऱ्या वाइन होत्या. परीक्षक नऊ होते. तांबड्यांत मूतों-रोथशील्डच पहिली आली आणि न्यू जर्सीची एक वाइन तिसरी. क्वांट यांनी गुणपत्रके तपासून अहवाल दिला, तो असा: पांढऱ्यांतील पहिली आणि तांबड्यांतील शेवटची, एवढ्याच दोन वाइन इतरांहून निराळ्या आहेत असे आकड्यांवरून म्हणता येते, बाकीच्यांचा क्रम, तेच परीक्षक पुन्हा बसले तर, बहुधा बदलेल.